‘रक्त घट्ट झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

‘रक्त घट्ट झालंय, पातळ करायची गोळी सुरू आहे,’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. पण ॲस्पिरिनसारख्या गोळीने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे गुठळीचा धोका कमी होतो. दाटपणा, म्हणजेच श्यानता, ही वेगळी गोष्ट आहे.

दाटपणा येतो कुठून?

सर्वात मोठा वाटा लाल पेशींचा. पण रक्ताचा सुमारे 55 टक्के भाग असलेला पिवळसर द्रव, प्लाझ्मा, हाही पाण्यापेक्षा दाट असतो. त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तरी दाटपणा येतो तो मुख्यतः प्रथिनांमुळे.

प्रथिनांचा आकार महत्त्वाचा

अल्ब्युमिन सर्वात जास्त असतं, 100 मिलीलीटरमागे 3.5 ते 5 ग्रॅम. पण त्याचा रेणू लहान आणि आटोपशीर असतो. फायब्रिनोजेन असतं जेमतेम 200 ते 400 मिलीग्रॅम, पण त्याचा रेणू लांबोडका. पातेल्यात वाटाणे ढवळणं सोपं, शेवया ढवळताना मात्र हात जड होतो, तसंच हे. संसर्ग किंवा सूज असली की फायब्रिनोजेन वाढतं. मग लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि ‘ईएसआर’चा आकडा चढतो.

आणि चरबी?

चरबी पाण्यात विरघळत नाही, ती प्रथिनांच्या वेष्टनातल्या कणांमधून वाहते. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत असणं चांगलं. ते 1000 च्या वर गेलं की प्लाझ्मा दुधाळ दिसू शकतो, दाटपणा वाढतो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही असतो.

धोका कधी?

स्वीडनचे डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1944 मध्ये वर्णन केलेल्या रक्ताच्या कर्करोगात ‘आयजीएम’ हे अवाढव्य प्रथिन बेसुमार वाढतं. रक्त इतकं दाटतं की नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, नजर धूसर होते, डोकं दुखतं. अशा वेळी यंत्राने प्लाझ्मा बदलतात. आयजीएम बहुतांशी रक्तवाहिन्यांतच राहत असल्याने आराम लवकर पडतो.

म्हणून ‘रक्त घट्ट आहे’ असं कुणी सांगितलं, तर डॉक्टरांना एवढंच विचारावं: भीती गुठळीची आहे की दाटपणाची? दोन्हींचे उपचार वेगळे असतात. आणि सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये.