यादीत नसलेली पोरं

आंभोऱ्याच्या पुलावर सुटीच्या दिवशी नागपूरकरांची रीघ लागते. वैनगंगेवरचा हा केबलचा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. लांबी ७०५ मीटर, खर्च १७८ कोटी, आणि वर उंचावर प्रेक्षक सज्जा. सज्ज्यातून दिसणारे पाणी नजरेत मावत नाही. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असे विदर्भाची परंपरा सांगते. चैतन्येश्वराच्या दर्शनाला पिढ्यान्‌पिढ्या माणसे येत आली आहेत. आज मात्र जो अथांग विस्तार पाहायला गर्दी होते, तो गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहे. त्याच्या पोटात कुही तालुक्यातली गावठाणे गेली: घरे, गोठे, सांदवाड्या, विहिरी, स्मशाने.

घर नसलेल्या तरुणांविषयी लिहायचे तर आपली नजर आपोआप शहराकडे वळते. नागपूर स्टेशनचा फलाट, उड्डाणपुलाखालची रांग, रसवंतीवर राबणारा परगावचा मुलगा. कुहीसारख्या तालुक्यात हे चित्र दिसत नाही, म्हणून प्रश्नच नाही असा समज होतो. २०११ च्या जनगणनेने देशात १७.७३ लाख बेघर मोजले आणि त्यातले ८.३५ लाख ग्रामीण भागातले होते. ही मोजणी उघड्यावर, रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली झोपणाऱ्यांची. आईबाप गेल्यावर मामाच्या छपरीत खाट टाकून झोपणारा अठरा वर्षांचा मुलगा त्या आकड्यात कुठेच नाही. मामीने दोन वेळचे वाढले तरी त्याचे रेशनकार्ड वेगळे होत नाही. गावात ‘तो कोणाकडं राहतो’ हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘तो कुठला’ याचा कागद मात्र कोणाकडे नसतो.

या प्रश्नाचे मूळ गरिबीइतकेच आपल्या कुटुंबाच्या सरकारी व्याख्येत आहे, असे माझे मत आहे. ते कुहीत बसूनच नीट कळते, कारण गोसीखुर्दने ही व्याख्या इथल्या माणसांना फार महाग विकली.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले ते २०१३ मध्ये. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेले मूल त्या वेळी पंचवीस वर्षांचे झाले होते. या पंचवीस वर्षांत घरोघरची मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, एका चुलीच्या तीन चुली झाल्या. पण सर्वेक्षणाच्या वेळी जी कुटुंबे नोंदली गेली, तीच सरकारी हिशेबातली कुटुंबे. त्यानंतर सज्ञान झालेल्या मुलांच्या कुटुंबांना ‘वाढीव कुटुंब’ म्हणतात. विलास भोंगाडे यांच्या नेतृत्वाखालील गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीच्या लढ्यात मोबदला आणि नोकरी यांच्या जोडीने वाढीव कुटुंबांना भूखंड द्या ही मागणी वर्षानुवर्षे राहिली.

पुनर्वसित गावठाणात त्याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. बापाला एक भूखंड. त्यावर बापाचे घर, मागे थोरल्याची टिनाची खोली, आणि धाकटा कुठे तरी कडेला. जुन्या गावात घरामागे सांदवाडी होती, गोठा होता. गरज पडली की दोन भिंती वाढवता येत. आखून दिलेल्या भूखंडात वाढवायला जागाच नाही. रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधा पुनर्वसित गावाला द्यायच्या, असे शासनाने ठरवले आहे. त्या यादीत पुढच्या पिढीच्या घराला जागा नाही.

प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्राचेही तसेच. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राचा लाभ कुटुंबात एकालाच. तीन भाऊ असतील तर ते कोणाच्या नावावर करायचे, यावरून घरात अबोला धरला जातो. जमीन गेली तिघांची आणि संधी आली एकाला. ज्याच्या नावावर कागद नाही त्याने काय करावे, याचे उत्तर गावात एकच असते: नागपूरला जावे.

नागपूर इथून सुमारे चाळीस किलोमीटर. पूर्वी नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी कुहीवरून जायची. डबे हळू चालत, पण तिकीट स्वस्त होते आणि सकाळी जाऊन रात्री परत येता येई. ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. अंगमेहनत करणाऱ्याची निम्मी मजुरी रोजच्या बसभाड्यात जाते, म्हणून तो शहरात खोली घेतो. खोली म्हणजे चौघांत एक, अनामत आगाऊ. घरमालक आधार कार्ड मागतो, त्यावर पत्ता बुडालेल्या गावाचा. तालुक्यात राहायचे म्हटले तर मांढळ, कुहीच्या मिरची सातऱ्यांवर हंगामात हाताला काम असते. लाल मिरचीचे ढीग, तोंडाला फडके बांधून देठ खुडणाऱ्या बाया, हवेत तो घशाला झोंबणारा ठसका, आणि किलोवर ठरणारी मजुरी. पावसाळा लागला की सातरा थंडावतो. ज्याच्या डोक्यावर बापाचे छप्पर आहे, तो हे रिकामे महिने कसेबसे काढतो. ज्याला भाडे भरायचे आहे, त्याचे गणित दुसऱ्याच महिन्यात फसते.

मग घरकुल का नाही? प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरच्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात; राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले. अनुसूचित जाती व नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी आणि इतर मागासवर्गीयांना २०२३ पासून मोदी आवास. योजनांची कमतरता नाही. पण प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख असतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. एकट्या मुलाला अर्ज करता येणारच नाही असे कोणी म्हणत नाही. पण ग्रामसभेत यादी वाचताना ‘त्याचं लग्न तर होऊ द्या’ असे कोणी तरी म्हणतेच आणि सगळ्यांना ते पटते.

त्याहून मोठी विसंगती प्राधान्याच्या निकषांत आहे. योजनेच्या पहिल्या टप्प्यातल्या याद्या २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून निघाल्या. वंचिततेचा एक निकष होता ‘१६ ते ५९ वयोगटातील प्रौढ सदस्य नसलेले कुटुंब’. आईबाप नसलेली दोन भावंडे घ्या, एक पंधरा वर्षांचे आणि एक बारा. ती या निकषात बसतात. थोरल्याने सोळा पूर्ण केले की त्या घरात ‘प्रौढ’ आला आणि निकष गळाला. बाल न्याय कायद्यानुसार तो अजून दोन वर्षे बालक आहे. जागेचा व्यवहार त्याच्या नावावर होणार नाही, कर्ज मिळणार नाही. घरकुलाच्या गुणांकनात मात्र तो घरातला कर्ता. ज्या वयात मदत सर्वांत जास्त हवी, नेमकी त्याच वयात ती कमी करणारा हा नियम कोणी दुष्टपणे लिहिला नसेल. पण तो लिहिणाऱ्यासमोर असा मुलगा कधी उभा नव्हता, हे स्पष्ट आहे.

संस्थेत वाढलेल्या मुलांसाठी निदान कायद्यात वाट आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये बालगृहातून बाहेर पडणाऱ्या १८ ते २१ वयोगटातल्या मुलांच्या अनुरक्षणाची, म्हणजे राहणे, शिक्षण, कामधंद्याला आधार देण्याची तरतूद आहे. मिशन वात्सल्यमधून त्यासाठी महिना ४,००० रुपयांचे अर्थसाह्य ठरलेले आहे. ही तरतूद किती गरजेची आहे हे महाराष्ट्राला अमृता करवंदे यांच्यामुळे कळले. गोव्याच्या अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी बाहेर पडल्यावर पहिली रात्र पुणे स्टेशनवर काढावी लागल्याचे त्यांनी सांगितले आहे. स्पर्धा परीक्षेत गुण मिळूनही कागदावर प्रवर्ग नाही म्हणून त्या अडल्या, मुख्यमंत्र्यांना भेटल्या, आणि २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. एका मुलीच्या चिकाटीने शासन निर्णय निघतो, ही या लेखासाठी वाचलेल्या कागदांतली सर्वांत आशादायक गोष्ट आहे.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी आपल्या बेवारस, दिव्यांग मुलांना अठरा झाल्यावर बाहेर काढायचे साफ नाकारले. मुलांना स्वतःचे आडनाव दिले, मुलींची लग्ने लावली. अशा मुलांना अठरानंतरही संस्थेत राहू देणारा कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन लेक, जी तान्हेपणी जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडली होती, लोकसेवा आयोगाची लिपिक परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी दार बंद झाले असते तर ती अभ्यास कुठे बसून करणार होती?

कुहीतला छपरीत झोपणारा मुलगा मात्र या वाटेवरही नाही, कारण तो कधी बालगृहात गेलाच नाही. नातेवाइकांनी सांभाळले, समाजाच्या दृष्टीने हेच चांगले. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिना २,२५० रुपये मिळू शकतात, पण अठरापर्यंतच. पुढचे अनुरक्षण फक्त संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना. म्हणजे ज्या नातेवाइकांनी सरकारचा खर्च वाचवला, त्यांच्याकडचे मूल अठराव्या वर्षी दोन्हीकडून सुटते. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, केंद्राने तेविसाव्या वर्षी दहा लाखांची सोय केली. ते योग्यच झाले. पण विजेच्या धक्क्याने, कर्जापायी किंवा दारूने आईबाप गेलेल्या मुलाचे पोरकेपण वेगळ्या जातीचे नसते.

पोटाचा प्रश्न त्यामानाने थोडा सुटलेला आहे. २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आहे: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. दुपारची भूक भागते, रात्रीचे आणि डोक्यावरच्या छपराचे काय? शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यात निवासासाठी २० हजार. म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. चौघांत खोली घेतली तर भागते. पण ती कॉलेजात नाव असलेल्या, गुणांची अट पुरी करणाऱ्या विद्यार्थ्याला. बारावीत नापास होऊन सातऱ्यावर पोती उचलणाऱ्याला नाही. शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा निकष आहे एक लाख लोकसंख्येमागे एक, तेव्हा कुहीसारख्या नगरपंचायतीच्या गावाचा त्यात विचारच नाही. आणि तसा निवारा आला तरी अठरा वर्षांच्या मुलीला आपण तिथे पाठवू का?

आपल्याकडे याचे उत्तर एके काळी सापडले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याचे बोर्डिंग काढले. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. गाडगेबाबांनी बांधलेल्या धर्मशाळांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे आली. छप्पर, जेवण, काम आणि शिस्त एका अंगणात असावे, हे या माणसांनी ओळखले होते. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतून शहरात आलेल्या तरुण कामगारांसाठी ‘फ्वाये’ नावाची निवासगृहे पसरली, तीही याच समजुतीची: खोली द्या आणि त्याच इमारतीत कामाची वाट दाखवा. इंग्लंडने २००० साली कायदा करून संगोपनातून बाहेर पडणाऱ्या मुलांची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली आणि २०१७ मध्ये मार्गदर्शकाची सोबत पंचविशीपर्यंत वाढवली. आपले बोर्डिंग पुढे ‘विद्यार्थ्यांचे वसतिगृह’ एवढेच उरले, आणि शाळा सुटलेला मुलगा त्याच्या फाटकाबाहेर राहिला.

व्याख्या बदलता येते याचा पुरावाही धरणांनीच दिला आहे. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, जरी मुलींना वगळून. २०१३ चा भूसंपादन कायदा आणखी पुढे गेला. त्याच्या तिसऱ्या कलमात, स्त्री असो वा पुरुष, जोडीदार असो वा नसो, प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतंत्र कुटुंब समजावी, असे स्पष्टीकरण आहे. गोसीखुर्दचे बहुतेक संपादन त्याआधीच १८९४ च्या कायद्याखाली उरकले होते. तरी संसदेने एकदा मान्य केलेली व्याख्या घरकुलाला, रेशनकार्डाला आणि अनुरक्षणाला लावायला काय अडचण आहे? जमीन घेताना एकटा माणूस कुटुंब ठरतो, तर घर देतानाही ठरावा.

तोवर एक काम जिल्ह्याच्या पातळीवर नव्या कायद्याशिवाय होण्यासारखे आहे. बालसंगोपनाच्या प्रत्येक प्रकरणात मुलाची जन्मतारीख लिहिलेली असते. महिला व बालविकास कार्यालयाने कुही तालुक्यातल्या फायली काढल्या, तर येत्या वर्षात कोण अठरा पूर्ण करणार हे एका दुपारीत कळेल. गावोगावच्या ग्राम बाल संरक्षण समित्यांनी त्यात फायलीबाहेरची नावे घालावीत. मग अठरावा वाढदिवस उजाडण्याआधीच त्याचे रहिवासी प्रमाणपत्र, स्वतंत्र रेशनकार्ड, आयटीआयचा प्रवेश आणि घरकुलाच्या यादीतले नाव या गोष्टी तहसीलच्या एका टेबलावर लावता येतील. महिना ४,००० रुपयांनी तीन वर्षे अनुरक्षण दिले तर खर्च होतो १ लाख ४४ हजार. एका घरकुलाच्या मूळ अनुदानापेक्षा चोवीस हजारांनी जास्त.