जोडाऱ्याची विद्या

धार आणि देवास ही नावे उच्चारली की मराठी माणसाला प्रथम पवार घराण्याची संस्थाने आठवतात. परंतु धारला त्यांच्याहूनही जुने असे एक वैभव आहे. तेथील लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहावयास मिळतात. त्यांची एकत्र लांबी सुमारे १३ मीटर भरते. हा स्तंभ साच्यात ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, घणाचे घाव घालून, ते एकमेकांस जोडीत तो घडविलेला आहे. जोडकामाची विद्या ह्या मातीला नवी नाही, ती अशी.

आज त्याच धार जिल्ह्यात पीथमपूरच्या कारखान्यांतून मालमोटारी व इतर वाहने तयार होतात, आणि देवासला किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्यात पंप. हे सुटे भाग एकत्र जुळवून यंत्र उभे करणारा कामगार म्हणजे फिटर, अर्थात जोडारी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात राहूनही काम शिकता येते. अलीकडे मात्र काही आठवड्यांचे वा महिन्यांचे लहान प्रशिक्षणही ठिकठिकाणी दिले जाते. एवढ्या अवधीत मनुष्य खरोखर काय शिकतो, हे आपण पाहू.

पहिला धडा मापाचा. साध्या पट्टीवर मिलिमीटर वाचता येतो. व्हर्नियरवर त्याचा पन्नासावा भाग आणि मायक्रोमीटरवर शंभरावा. इतक्या बारकाईची गरज काय? दांडा छिद्रात फिरावयाचा असेल तर दोहोंमध्ये किंचित फट हवी. तेथे तेलाचा पातळ थर राहतो. उलट, दांडा व चाक एकजीव बसावयाचे असतील तर दांडा छिद्राहून केसभर जाडच हवा. फट अधिक झाली तर यंत्र खडखडते, फारच कमी झाली तर तापून अडकते.

दुसरा धडा क्रमाचा. झाकणाचे बोल्ट एका बाजूने ओळीने आवळले तर झाकण तिरपे बसते व गळते. म्हणून समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावयाचे असतात. दांड्यावर घट्ट बसणारे बेअरिंग हातोड्याने ठोकले तर आतील गोळ्यांच्या वाटेवर खाचा पडतात. त्याऐवजी ते बेताने तापविले की प्रसरण पावून दांड्यावर अलगद सरकते. विज्ञानाच्या तासाला शिकलेले उष्णतेने प्रसरण पावण्याचे तत्त्व येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते!

परंतु येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. लहान प्रशिक्षणात बहुधा एकाच जागेवरचे काम शिकविले जाते. हा नट येथे, ही कडी तेथे, एवढेच हात शिकतो. कारखान्याला तेवढे पुरते. कामगाराच्या आयुष्याला ते पुरेलच असे नाही. १९८० नंतरच्या दशकात पीथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर बनू लागली; २००८ साली कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्रांकडे गेला आणि स्कूटरींची नावेही बदलली. वस्तू बदलतात, मालक बदलतात. ज्याने केवळ एक जागा पाठ केली, त्याला प्रत्येक बदलाचे भय वाटते. ज्याने माप, फट आणि क्रम ह्यांची कारणे समजून घेतली, तो स्कूटर सोडून पंपाकडे वळला तरी चार दिवसांत रुळतो.

म्हणून ज्या घरातील मुले दहावीनंतर अशा प्रशिक्षणास जाऊ इच्छितात, त्यांच्या पालकांस आमचे एवढेच सांगणे आहे: विद्यावेतन किती, हे अवश्य विचारा, परंतु मुलाच्या हाती मापाचे हत्यार दिले जाईल काय, आणि अखेरीस जे प्रमाणपत्र मिळेल ते दुसऱ्या कारखान्यात चालेल काय, हेही विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, वरिष्ठ कारागीर जे करून दाखवील ते नीट करा, पण जेवणाच्या सुट्टीत त्याला नम्रपणे एक प्रश्न अवश्य विचारा: 'हे असेच का?' थोड्या दिवसांचे शिक्षण आयुष्यभर पुरविण्याचा मार्ग ह्या एका प्रश्नातूनच जातो.