प्लास्टिकची खिचडी आणि छातीतली घरघर

गेल्या उन्हाळ्यात पस्तिशीचा एक गृहस्थ दवाखान्यात आला. कोरडा खोकला, डोळ्यांची आग, रात्री छातीत घरघर. विडी-तंबाखूचे व्यसन नाही. काम विचारले तर म्हणाला, “डॉक्टरसाहेब, भंगारातल्या प्लास्टिकचा दाणा करतो.”

मुद्दाम त्याच्या शेडवर गेलो. फुटक्या बादल्या, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पाइपचे तुकडे, सारे एकत्र दळून, वितळवून शेवयांसारखे बाहेर काढायचे आणि त्याचे दाणे कापायचे. नाकात झणका बसला, मी दोन मिनिटांत बाहेर!

वाचकहो, प्लास्टिक ही काही एकच वस्तू नव्हे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला भावंडे, पण वितळल्यावरही तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात आणि माल ठिसूळ होतो. मोठे कारखाने त्यांना सांधणारे रसायन घालतात. ते साधारण साबणासारखे काम करते. खरा घोटाळा पीव्हीसीचा. पॉलिथिन ११० ते १३५ अंशांना वितळते, बाटलीचे पेट मात्र सुमारे २५० अंशांना. तेवढ्या आचेत पीव्हीसी करपते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. घशातील ओलाव्यात मिसळून त्याचे होते तेच आम्ल, जे आपल्या जठरात असते. जठराला ते सोसते, फुप्फुसाला नाही. मदुराईचे प्रा. वासुदेवन यांनी रस्त्याच्या गरम खडीवर प्लास्टिकचा लेप देण्याची पद्धत काढली. त्या रस्त्यांतही पीव्हीसी वर्ज्यच असते.

यावर उपाय पाण्याचा हौद! पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी आणि पेट बुडतात. शेडवर हौद होता, पण टँकर परवडेना म्हणून मालकाने कोरडा ठेवलेला.

अशा मिश्र मालाचे रंग झाकायला काळा रंग घालतात. जुन्या टीव्हीच्या खोक्यांतील ज्वालारोधक रसायनेही काळ्या प्लास्टिकमध्ये आढळली आहेत. पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तयार खाद्यपदार्थ देण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई केली होती. तरी बाजारच्या दिवशी गरम भजी काळ्या पिशवीत घेणारे माझेच रुग्ण मला भेटतात. डबा न्यायला कसली लाज?

मालकाशी मी बोललो. महिन्याने तो गृहस्थ पुन्हा आला, तेव्हा खोकला निम्म्यावर होता. हौद भरला आहे, तेच पाणी गाळून फिरवतात म्हणे. छातीसाठी दिलेला पंप मात्र अजून सुटलेला नाही.