उपग्रह दूरचित्रवाणी ग्रहणसामग्री, निःशुल्क
भूस्थिर उपग्रहावरून प्रक्षेपित होणारे आणि मासिक वर्गणी न आकारता उपलब्ध असणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम घरच्या संचावर पाहण्यासाठी लागणारी साधने. या सामग्रीत अन्वस्ताकार परावर्तक (व्यवहारात डिश किंवा छत्री), त्याच्या केंद्राशी बसविलेला एलएनबी, समाक्ष केबल आणि सेट टॉप बॉक्स यांचा समावेश होतो. ही साधने सुटी विकत मिळत असली, तरी त्यांची निवड स्वतंत्रपणे करता येत नाही. कोणत्या उपग्रहावरील कार्यक्रम पाहावयाचे आहेत व तो उपग्रह ग्रहणस्थानाहून आकाशात कोठे दिसतो, हे प्रथम ठरवावे लागते. बाकीची सामग्री त्यावरून ठरते. हा क्रम उलटा झाल्यास चांगल्या प्रतीची साधनेही निरुपयोगी ठरतात.

भारतात उपग्रहावरून थेट ग्रहणाचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यासाठी सु. ३ मी. व्यासाचे तारेच्या जाळीचे आकाशक वापरले होते. महाराष्ट्राचा या सहा राज्यांत समावेश नव्हता. दूरदर्शनची घरोघर थेट ग्रहणाची निःशुल्क सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे तिला ‘डीडी फ्री डिश’ हे नाव मिळाले. या सेवेत सामग्रीचा खर्च एकदाच करावा लागतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका दाखविण्यात आली. ज्या घरांत इंटरनेटची सोय नव्हती, तेथे शिक्षणाशी संबंध टिकण्यासाठी अशा ग्रहणाचे महत्त्व त्या वेळी दिसून आले.

उपग्रहाची दिशा : ही सेवा आरंभी ९५° पूर्व रेखांशावरील एनएसएस-६ या उपग्रहावरून दिली जात असे. नंतर ती ९३.५° पूर्व येथील इन्सॅट-४बी व त्यानंतर त्याच स्थानावरील जीसॅट-१५ (उड्डाण ११ नोव्हेंबर २०१५) या उपग्रहावर नेण्यात आली. उपग्रह बदलला, तरी कक्षेतील स्थान तेच राहिल्यास घरोघरच्या छत्र्या फिरवाव्या लागत नाहीत. नाशिक जिल्ह्यातील देवळा हे गाव सु. २०.५° उत्तर अक्षांश व ७४.२° पूर्व रेखांशावर आहे. तेथून ९३.५° पूर्व येथील उपग्रह जवळजवळ नेमका आग्नेयेस व क्षितिजापासून सु. ५७° उंचीवर येतो. होकायंत्राचा दिक्पात या भागात एक अंशाहून कमी असल्याने घरगुती उभारणीत तो दुर्लक्षिला तरी चालतो. उन्नतांश इतका मोठा असल्यामुळे परिसरातील डोंगरांचा अडथळा सहसा येत नाही; जवळचे झाड, पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत यांचाच विचार करावा लागतो. छत्रीपासून ५ मी. अंतरावरील वस्तू छत्रीच्या पातळीपेक्षा साडेसात मीटरांहून अधिक उंच असल्यास ती संदेश अडवू शकते.

परावर्तक : ही सेवा केयू पट्ट्यातील सु. ११ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालते. या कंप्रतेची तरंगलांबी सु. २.७ सेंमी. असल्याने ६० सेंमी. व्यासाचा परावर्तक सामान्यतः पुरतो. त्याच्या शलाकेची रुंदी सु. ३° असते, म्हणून दिशा एका अंशाच्या आत साधावी लागते. ९० सेंमी. व्यासाच्या परावर्तकाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने तो अधिक शक्ती गोळा करतो व जोराच्या पावसात चित्र अधिक काळ टिकते. मात्र त्यावरील वाऱ्याचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो आणि दिशा अधिक काटेकोरपणे साधावी लागते. सी पट्ट्यातील (३.७ ते ४.२ गिगॅहर्ट्‌झ) वाहिन्यांवर पावसाचा परिणाम कमी होतो, पण त्यांसाठी साधारणपणे १.८ मी. किंवा अधिक व्यासाची छत्री लागते. लहान घरगुती छत्र्यांत एलएनबी मध्यापासून बाजूला ठेवलेला असतो व त्यामुळे पृष्ठाच्या कलापेक्षा शलाका सु. २५° वर वळलेली असते. परिणामी देवळा येथे अशी छत्री उभ्या प्रतलापासून सु. ३२° मागे कललेली दिसते. प्रत्यक्ष आकाशाकडे ५७° रोखलेली ती दिसत नाही, हे ध्यानात न घेतल्याने उभारणीत वारंवार चूक होते.

एलएनबी : गोळा झालेल्या क्षीण संदेशाचे विवर्धन करून त्याची कंप्रता उतरविण्याचे काम हा भाग करतो. स्थानिक आंदोलकाची कंप्रता ९,७५० मेगॅहर्ट्‌झ असल्यास ११,००० मेगॅहर्ट्‌झचा संदेश १,२५० मेगॅहर्ट्‌झवर येतो व मगच तो केबलमधून वाहून नेता येतो. एलएनबीवर लिहिलेली ही कंप्रता व सेट टॉप बॉक्समध्ये भरलेली कंप्रता यांचा मेळ असावा लागतो. नसल्यास छत्री अचूक रोखूनही वाहिन्या सापडत नाहीत. या सेवेचे ध्रुवण रेषीय असल्याने वर्तुळ ध्रुवणासाठी बनविलेला एलएनबी घेऊ नये. उपग्रह निरीक्षकाच्या रेखांशावर नसला की ध्रुवणप्रतल तिरपे भासते. म्हणून एलएनबी स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून संदेश सर्वांत प्रबळ होईल तेथे घट्ट करतात. केबल ७५ ओहम रोधाची व शक्य तितकी आखूड असावी. उघड्यावरील जोडात पाणी शिरू देऊ नये.

सेट टॉप बॉक्स : या सेवेतील वाहिन्या एमपेग-२ व एमपेग-४ अशा दोन्ही पद्धतींनी प्रक्षेपित झाल्या आहेत. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या उमटत नाहीत. म्हणून एमपेग-४ व डीव्हीबी-एस२ या दोहोंची क्षमता असलेला बॉक्स निवडणे श्रेयस्कर असते. वर्गणीच्या सेवेची जुनी छत्री दिशा बदलून वापरता येते. पण त्या सेवेचा बॉक्स बहुधा तिच्याच वाहिन्यांसाठी बांधलेला असतो.

सूर्यकृत व्यत्यय : मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य पृथ्वीवरून पाहता उपग्रहाच्या मागे येतो व त्याच्या प्रारणामुळे चित्र काही मिनिटे नाहीसे होते. देवळा येथे ९३.५° पूर्व उपग्रहाबाबत ही वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या व ऑक्टोबरमध्ये अकराच्या सुमारास येते. हा सामग्रीतील दोष नव्हे. उलट, त्या वेळी छत्रीसाठी योजलेल्या जागेवर कशाची सावली पडते ते पाहिल्यास उपग्रहाच्या वाटेतील अडथळा कोणत्याही उपकरणाविना ओळखता येतो.

परदेशातील ग्रहण : येथील सामग्री परदेशी नेणाऱ्यांचा अनेकदा अपेक्षाभंग होतो. लंडनहून ९३.५° पूर्व येथील उपग्रह क्षितिजाखाली असतो. त्यामुळे कितीही मोठी छत्री लावली तरी तो मिळत नाही. दुबईहून तो क्षितिजापासून सु. ३८° वर असतो, परंतु भारतासाठी आखलेल्या शलाकेची तीव्रता तेथे कमी होत असल्याने ६० सेंमी.ची छत्री पुरेशी मानता येत नाही. याउलट २८.२° पूर्व येथील उपग्रह देवळ्याहून सु. ३३° उंचीवर असले, तरी त्यांवरील ब्रिटिश निःशुल्क वाहिन्यांच्या काही शलाका मुख्यतः ब्रिटिश बेटांवर केंद्रित केलेल्या आहेत. उपग्रह क्षितिजावर असणे व त्याची शलाका त्या स्थानी पुरेशा तीव्रतेने पोहोचणे, या दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तरच सामग्रीवर खर्च करणे योग्य ठरते.