गवत राखलं म्हणून बारशिंगा राहिला

बैहर : गोंदियाहून बालाघाट, तिथून घाट चढून बैहर आणि पुढं मुक्की गेट. आपल्याकडची बरीच मंडळी याच वाटेनं कान्हाला जातात, आणि जातात ती वाघ बघायला. सकाळच्या धुक्यात जिप्सी कुरणाच्या कडेला थांबते, गाईड सांगतो, "तो बघा बारशिंगा." दोन फोटो निघतात आणि लगेच मागून आवाज येतो, "चला, वाघाचं बघा."

पण वाघ ताडोबात आहे, पेंचमध्ये आहे, नागझिऱ्यातही आहे. हा बारशिंगा मात्र जगात फक्त कान्हातच उरला होता. आणि तो वाचला तो बंदुकीच्या पहाऱ्यापेक्षाही गवतामुळं.

आपला बारशिंगा वेगळा कसा?

बारशिंग्याच्या तीन उपजाती आहेत. एक उत्तर प्रदेश आणि नेपाळच्या तराईत, दुसरी आसामात. या दोन्ही दलदलीत राहणाऱ्या, म्हणून त्यांचे खूर फाकलेले असतात. चिखलात पाय रुतत नाही. तिसरी उपजाती मध्य भारतातली, कडक जमिनीवर वावरणारी. तिचे खूर घट्ट आणि आटोपशीर. तिच्या शास्त्रीय नावात ब्रँडर हे नाव आहे. डनबार ब्रँडर हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातले वनाधिकारी होते. त्यांचं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक १९२३ साली आलं.

नाव बारशिंगा असलं तरी टोकं मोजून बाराच भरतील असं नाही. पूर्ण वाढलेल्या नराच्या शिंगांना साधारण दहा ते चौदा टोकं असतात.

खाण्याचा हट्ट

चितळ आणि बारशिंगा एकाच कुरणात चरताना दिसतात, पण दोघांचं पोट सारखं नाही. चितळाला गवत मिळालं तर गवत, नाही तर पाला, पडलेली फळं, मोहाची फुलं, काहीही चालतं. माकडांनी खाली टाकलेला पालासुद्धा तो सोडत नाही. बारशिंग्याचं तसं नाही. त्याचं जवळजवळ सगळं खाणं म्हणजे गवत. त्याच्या जोडीला पाणवनस्पती. तळ्यात पोटापर्यंत उतरून, तोंड पाण्यात बुडवून तो त्या उपटून खातो. बाहेर येतो तेव्हा शिंगांना हिरवे झुपके लोंबत असतात.

शिवाय त्याला नुसतं गवत पुरत नाही, उंच गवत लागतं. मादी साधारण आठ महिन्यांनी एकच पाडस देते, तेही पावसाळ्याच्या अखेरीस. सुरुवातीचे दिवस पाडस गवतात दबून बसतं. गवत आखूड असेल तर ते कोल्ह्याच्या, बिबट्याच्या नजरेला लगेच पडतं. म्हणजे गवत हेच त्याचं ताट आणि तेच पाळणाघर.

३,००० वरून ६६

१९३८ च्या सुमाराला कान्हा परिसरात तीनेक हजार बारशिंगे असल्याचा अंदाज सांगितला जातो. १९७० मध्ये मोजले तेव्हा उरले होते फक्त ६६.

शिकार हे कारण होतंच. पण त्याबरोबर कुरणं शेतीखाली गेली, गावची गुरं तिथंच चरली आणि दरवर्षीच्या वणव्यांत गवत जळत राहिलं. चितळानं पाल्यावर निभावून नेलं, बारशिंग्याला दुसरं ताटच नव्हतं. १९६३ ते ६५ या काळात जॉर्ज शेलर यांनी कान्हात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. पुढं सत्तरच्या दशकात क्लॉड मार्टिन यांनी खास बारशिंग्यावर काम केलं.

मग केलं काय?

वाघ-बिबट्या आत येऊ नये असं कुंपण घालून त्यात काही बारशिंगे वाढवले. वणव्यांवर ताबा आणला, कुरणात घुसणारी झुडपं आणि तण उपटलं, पाण्यासाठी तळी केली. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे गावं बाहेर नेली. १९६९ साली सौंफ गाव उठलं. जिथं शेतं होती तिथं गवत माजलं आणि बारशिंग्यांचे कळप तिथं आले. आज कान्हातली संख्या हजाराच्या घरात आहे. मध्य प्रदेशाचा तो राज्यप्राणी आहे, आणि कान्हाचं बोधचिन्ह असलेला 'भूरसिंग' हाही बारशिंगाच.

ही गोष्ट सांगताना एक बाजू मात्र गाळता येत नाही. जी कुरणं आपण जिप्सीतून बघतो, त्यातली कितीतरी गोंड आणि बैगा कुटुंबांची शेतं-आंगणं होती. बारशिंग्याला गवत मिळालं, त्याची किंमत त्यांनी दिली. त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेब हा संवर्धनाच्या हिशेबातच धरायला हवा.

एकाच जागी सगळे, हा धोका

कान्हातून वाघ जंगलपट्ट्यानं पेंचकडं, नवेगाव-नागझिऱ्याकडं जाऊ शकतो. बारशिंग्याला तसं जमत नाही. वाटेत लागतात साल-सागवानाची दाट जंगलं, शेतं, रस्ते. गवताचा सलग पट्टा कुठंच नाही. मग कान्हात एखादी साथ आली तर? जनावरांचे रोग गावच्या गुरांकडूनही येऊ शकतात.

म्हणून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगढला नेले. पकडताना हे जनावर घाबरूनच दगावू शकतं. त्यामुळं 'बोमा' ही आफ्रिकेतली पद्धत वापरली : नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं, आडोसा लावलेलं कुंपण. कळप चालत आत येतो आणि थेट गाडीत चढतो. हात लावायची फारशी वेळ येत नाही. पण तिथंही आधी गवत तयार करावं लागलं, मगच पाहुणे आले.

आपल्या गावच्या गायरानाला आपण 'पडीक' म्हणतो, झाडं लावा म्हणतो. कान्हाचा अनुभव सांगतो की गवताचा माळ हा रिकामा नसतो. पुढच्या वेळी मुक्कीतून आत गेलात तर कुरणाच्या कडेला गाडी पाच मिनिटं जास्त थांबवा. वाघ दिसेल न दिसेल, बारशिंगा तिथंच असेल. गवत असेल तोवर.