चपड्यापासून पॉलिमरपर्यंत : गोळीच्या अंगरख्याचा हुनर

लाकडाला पॉलिश मारणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना चपडा ही काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. तो स्पिरिटमध्ये भिजवायचा, गाळायचा आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवायचा. हाच चपडा कित्येक वर्षे औषधाच्या गोळ्यांवरही चढत असे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. आजही तो या धंद्यातून पुरता गेलेला नाही. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांनी केलेली लाख हे त्याचे मूळ. जयपूरचे मनिहार जिच्या बांगड्या वळतात, तीच ही लाख.

गोळीला चपडा लावायचा तो केवळ चकाकीसाठी नव्हे. जठरातील आम्ल फार तीव्र असते. ओमेप्रेझोल, पँटोप्रेझोल यांसारखी औषधे त्यात नासून जातात. उलट ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक ही औषधे जठराच्याच अस्तराला इजा करतात. म्हणून गोळीला असा अंगरखा हवा, जो जठरात टिकेल आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळेल. चपडा आम्लाला दाद देत नाही, म्हणून त्याची निवड झाली.

पण त्याचा दोष कोणताही पॉलिशवाला सांगेल. फार दिवस ठेवलेला चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही आणि जुन्या पॉलिशचा हात सुकता सुकत नाही. ठेवल्या ठेवल्या त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. टेबल चिकट राहिले तर घासून पुन्हा हात मारता येतो. जुन्या गोळीवरचा चपडा विरघळलाच नाही तर औषध आतड्यातून तसेच निघून जाते. शिवाय झाडाचा माल. या हंगामाचा त्या हंगामाशी जुळेलच असे नाही.

इथे पॉलिमर आले. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. यातील एक मोठे घराणे सेल्युलोजचे. लाकडाचा लगदा किंवा सरकीला चिकटून राहणारा आखूड कापूस यांपासून ते काढतात. सरकीचा व्यापार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसरे घराणे ॲक्रिलिकचे. जर्मनीतील डार्मस्टाट येथील र्‍योम कंपनीने 1950 च्या दशकात ‘युड्राजिट’ या नावाने ते औषधांसाठी बाजारात आणले. त्यातली खुबी अशी की, लेप नेमका कुठे सुटावा हे ठरवता येते. पीएच म्हणजे आम्लतेचे माप. जठरात ते साधारण 1 ते 3 असते आणि आतड्यात वाढत जाते. युड्राजिटचा एक प्रकार 5.5 च्या वर विरघळतो, दुसरा 6 च्या वर आणि तिसरा 7 च्या वर. तपासणीत अशा गोळीला आधी 2 तास आम्लात ठेवतात. तिथे तिला तडासुद्धा जाता कामा नये.

लेप चढवण्याची कला मात्र हलवायाची. उरुसात मिळणारे साखरफुटाणे ज्यांनी होताना पाहिले आहेत, त्यांना ती लगेच कळेल. तापलेल्या पात्रात फुटाणे घोळायचे, थोडा पाक सोडायचा, सुकू द्यायचा, पुन्हा पाक. औषधाच्या गोळ्यांना साखरेचा लेप असाच फिरत्या भांड्यात देत. त्याला दिवसच्या दिवस लागत आणि गोळी चांगलीच जड होई. पॉलिमरचा पातळ फवारा गरम हवेत काही तासांत काम उरकतो आणि साध्या लेपाने वजन शेकडा 2 ते 4 च वाढते. आम्लाला तोंड देणारा लेप याहून जाड द्यावा लागतो. फवारा जास्त झाला तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, हवा जास्त तापली तर थेंब वाटेतच सुकून लेप खरबरीत होतो. हाताचा अंदाज यंत्रातही लागतोच.

आता आमचीच एक चूक सांगतो. घरातील एका बुजुर्गांना गोळी गिळता येईना, म्हणून आम्ही ती खलबत्त्यात कुटून मधातून दिली. आठ दिवस गुण येईना. आम्ही औषधाला नावे ठेवत राहिलो. वास्तविक अंगरखा आम्हीच फाडला होता. स्ट्रिपवर नावापुढे ‘ईसी’, ‘डीआर’ किंवा ‘जीआर’ लिहिले असेल तर लेप आतड्यात सुटणारा आहे. ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर औषध हळूहळू सुटणारे आहे. ते कुटले तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते आणि जिवावर बेतू शकते. मेडिकल दुकान चालवणाऱ्या बांधवांनी गोळी देताना एवढे जरूर सांगावे. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून पातळ औषध किंवा दुसरा प्रकार घ्यावा.

हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्यांचे रिकामे कवच शौचातून आख्खे बाहेर पडते. ‘गोळी पचलीच नाही’ म्हणून लोक घाबरतात आणि दुसरी घेतात. तसे करू नये. औषध आतून निघून गेलेले असते.

कॅप्सूलबद्दलही आम्हाला नेहमी विचारणा होते. तिचे नेहमीचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडांचे वा कातड्याचे असते. डुकराचे कातडेही जगात त्यासाठी वापरले जाते. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या सेल्युलोजपासूनच केलेली कवचे निघाली आहेत. डबीवर ‘एचपीएमसी’ किंवा ‘हायप्रोमेलोज’ लिहिलेले पाहावे. सगळ्याच औषधांत ती मिळत नाहीत. पण कॅप्सूल उघडून पूड खाण्याआधी दुकानदाराला आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे.