पत्र्याचा कूलर का घुमतो?

मिक्सरची मोटार या आठवड्यात उघडायची ठरली होती, पण ती पुढे ढकलतो. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि उन्हाळा सरण्याआधी त्याचं उत्तर द्यायला हवं: पत्र्याचा कूलर शांत करता येतो, की प्लॅस्टिकचाच घ्यावा? भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत हा प्रश्न दोन घरांचा असतो, कारण खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढतो आणि गल्लीतही आवाज सोडतो.

माझ्या मते दोष पत्र्याचा कमी, पंख्याच्या वेगाचा जास्त. नेहमीची मोटार मिनिटाला सुमारे 1400 फेरे घेते. वेग वाढवला की हवा त्याच प्रमाणात वाढते, आवाजाची शक्ती मात्र वेगाच्या साधारण पाचव्या घाताने. म्हणून 950 फेऱ्यांची मोटार घ्यावी आणि 16 इंची पंख्याच्या जागी 18 इंची बसवावा. हवा व्यासाच्या घनाने वाढत असल्याने ती जवळजवळ तेवढीच मिळते. मोठ्या पात्यांचा जादा आवाज धरूनही 4 ते 5 डेसिबल कमी होतात, वीजही वाचते. यावर जाणकार म्हणतील की मंद पंख्याला गवतातून हवा ओढायला जोर पुरत नाही. आक्षेप रास्त आहे: या बदलात दाब सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. पण मग गवताच्या बाजू मोठ्या कराव्यात, गवत ठासून भरू नये आणि बोअरच्या क्षारांनी कडक झालेलं तर बदलावंच. हवा सावकाश गेली की ओलावाही जास्त घेते. भोक मोठं करणं, बाजू वाढवणं हे सगळं पत्र्याचा कूलर बनवणारा कारागीर करून देऊ शकतो. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकमध्ये ते होत नाही.

उरते ती घरघर. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटार 100 हर्ट्झला थरथरते आणि सपाट पत्रा तो सूर मोठा करून ऐकवतो. प्लॅस्टिक ही थरथर बरीचशी जिरवतं, एवढं त्याचं श्रेय. पत्र्यात मोटारीखाली रबर घातलं आणि मोठ्या सपाट भागांना दुमड दिली, तर हा फरक पुष्कळ कमी होतो.

मोठा आवाज म्हणजे जोरदार वारा, असं गिऱ्हाईक मानतं, म्हणून शांत कूलर खपणार नाही, असंही सांगितलं जातं. पण गिऱ्हाइकासमोर आवाजाचा आकडा येतोच कुठे? पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986च्या अनुसूचीत कूलरसाठी 60 डेसिबलची मर्यादा आहे. निर्मितीच्या टप्प्यावर ती 31 डिसेंबर 1993पर्यंत गाठायची होती. दुकानात चौकशी होते ती टाकी किती लिटरची आणि वारा किती लांब जातो याची. युरोपात मार्च 2021पासून वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या ऊर्जा-लेबलवर डेसिबल आणि आवाजाची श्रेणी छापतात. कूलरवरही तो आकडा किमतीशेजारी हवा, आणि रात्रभर ज्या वेगावर कूलर चालतो त्या वेगाचा वेगळा.